‘मला समजले नाही’ : इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष



वसंतातल्या या व्याख्यानांना श्रोते कोणत्या अपेक्षेने येतात, हे आम्हांस ठाऊक आहे. कोणी इतिहासावर बोलतो, कोणी संतवाङ्मयावर, कोणी देशाच्या अर्थकारणावर. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच घरगुती आहे. परंतु ऋतू कोणता चालला आहे तेही पाहिले पाहिजे. या क्षणी आपल्या गावातील कितीतरी घरांत बारावीची परीक्षा देऊन झालेली मुले आहेत. सीईटीच्या निकालाकडे डोळे लागलेले आहेत. कोणते कॉलेज, कोणती शाखा, कोणत्या गावी, फी किती, याचाच खल दोन्ही जेवणांच्या वेळी चाललेला आहे. दोन-तीन महिन्यांनी यांतील बरीच मुले-मुली बॅगा भरून घराबाहेर पडतील. त्या बॅगेत काय काय भरावे याची यादी प्रत्येक घरी होते. त्या यादीत न येणारी एक गोष्ट आहे, आणि तीबद्दलच आम्हांस आज बोलावयाचे आहे.

आमचे बहुतेक आयुष्य इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स आणि ड्रॉइंग शिकविण्यात गेले. त्यामुळे कोणती शाखा चांगली, कोणत्या शाखेला पुढे नोकऱ्या अधिक, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. तो सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत. आम्ही फक्त एका वर्षाबद्दल बोलणार आहोत. हुशार मुले याच वर्षी का बिचकतात, आणि त्यांतून सुटण्याचा मार्ग कोणता, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम एक साधा हिशेब मांडू. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. नव्याण्णव पर्सेंटाइल म्हटले की आपण पेढे वाटतो, आणि ते योग्यच आहे. नव्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरांत नव्याण्णव गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतील नव्याण्णव जण आपल्या बरोबरीला वा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आता समजा, परीक्षेला तीन लाख मुले बसली. तर नव्याण्णव पर्सेंटाइलच्या मुलापुढेही सुमारे तीन हजार मुले असणार! आणि ती तीन हजार मुले जातात कोठे? ती त्याच मोजक्या कॉलेजांत जातात, जेथे जाण्याची या मुलाची इच्छा आहे. म्हणजे ज्या वर्गात तो जाऊन बसतो, त्या वर्गात त्याच्यासारखेच साठ जण असतात. प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला, फार तर दुसरा. पहिली चाचणी होते, आणि या साठांतून कोणीतरी साठावा येतोच. तीस जण तर पहिल्या तिसांच्या बाहेर पडणारच. हे त्यांच्या आळसामुळे घडत नाही, बुद्धी मंदावल्यामुळेही घडत नाही. हे केवळ मोजणीमुळे घडते.

हा हिशेब आपण येथे खुर्चीवर बसून सहज समजू शकतो. परंतु ज्या मुलाने बारा वर्षे पहिल्या बाकावर बसून ‘हुशार’ हे विशेषण आपल्या नावासारखे वापरले, त्याला पहिल्या चाचणीत तिसांपैकी अकरा गुण पडले म्हणजे हा हिशेब आठवत नाही. त्याला वाटते, आपले बिंग फुटले. इतकी वर्षे लोक आपल्याला हुशार समजत होते ते चुकून, आणि आता ते सर्वांना कळणार. येथून पुढे तो एकच गोष्ट जिवापाड जपू लागतो. आपल्याला येत नाही हे कोणाला कळू नये, ही ती गोष्ट.

दुसरा फरक शिकण्याच्या रीतीचा. बारावीपर्यंतचा अभ्यास बहुधा ओळखीचा खेळ असतो. प्रश्न पाहावयाचा, तो कोणत्या जातीचा हे ओळखावयाचे, त्या जातीचे सूत्र लावावयाचे, आणि चार पर्यायांतून एक निवडावयाचा. शिकवणीवर्गांत या ओळखीचाच सराव करून घेतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षाच तशी आहे. परंतु इंजिनिअरिंगच्या पहिल्याच महिन्यात आम्ही मुलांपुढे एक शिडी ठेवतो. भिंतीला टेकविलेली साधी शिडी. तिच्यावर एक माणूस चढतो आहे. शिडी केव्हा सरकेल? मुले लगेच सूत्र शोधू लागतात. आम्ही म्हणतो, सूत्र राहू द्या. प्रथम जमीन पुसून टाका, भिंत पुसून टाका. कागदावर एकटी शिडी काढा. आता तुम्ही पुसलेली जमीन शिडीवर काय करीत होती, आणि भिंत काय करीत होती, ते बाणांनी दाखवा.

आपणांपैकी बहुतेक जण शिडीवर चढलेले असाल. शिडीचे पाय भिंतीपासून दूर सरकू पाहतात. म्हणून जमिनीचे घर्षण त्यांना भिंतीच्या दिशेने धरून ठेवते. भिंत गुळगुळीत असेल तर ती शिडीला फक्त आडवी, स्वतःपासून दूर ढकलते. जमीन वर उचलून धरते. शिडीचे आणि माणसाचे वजन खाली ओढते. माणूस जसजसा वर चढतो, तसतसे जमिनीला अधिक घर्षण पुरवावे लागते, आणि ते पुरवेनासे झाले की शिडी निसटते. एवढे बाण नीट काढता आले म्हणजे उरलेले गणित सातवीतला मुलगाही बहुतेक करील. परंतु हे बाण काढताना पर्याय दिलेले नसतात. कोरा कागद असतो, आणि त्यावर आपली समजूत उघडी पडते. हुशार मुलगा येथे थबकतो तो गणितासाठी नव्हे, कोऱ्या कागदासाठी.

ड्रॉइंगचेही तेच. आपल्याकडील पद्धतीत वस्तूचे समोरून दिसणारे चित्र वर काढतात, आणि वरून दिसणारे चित्र त्याच्या खाली. दरवर्षी वर्गातील निम्मी मुले गोंधळतात. वरून पाहिलेले चित्र खाली कसे? आम्ही पुष्कळ वर्षे नियम सांगत राहिलो. पुढे एकदा घरून तांब्याच नेला. भिंतीजवळ जमिनीपासून थोडा वर तो धरला. समोरून पाहिले तर तांब्याचे चित्र उमटेल मागच्या भिंतीवर. वरून पाहिले तर ते उमटेल खालच्या जमिनीवर. आता कागद तर एकच आणि सपाट आहे. म्हणून जमीन बिजागरीवर फिरवावी तशी खाली वळवून भिंतीच्या सरळ रेषेत आणली. झाले! वरून पाहिलेले चित्र आपोआप खाली आले. त्या दिवशी एक मुलगी तासानंतर येऊन म्हणाली, “सर, मी दोन महिने पाठच करत होते.” ती दोन महिने पाठ करीत होती, आणि आम्ही दोन महिने समजत होतो की वर्गाला येते आहे. कारण तिने विचारले नव्हते.

मग वर्कशॉप. पूर्वी गॅदरिंगमध्येही ज्यांनी हातोडी धरली नव्हती अशी मुले तेथे निळा कोट घालून व्हाइससमोर उभी राहतात. हाती पोलादी पट्टीचे दोन तुकडे येतात. ते कानशीने घासून असे सपाट करावयाचे की गुण्या लावून उजेडाकडे धरले असता फटीतून प्रकाश दिसू नये, आणि एक तुकडा दुसऱ्याच्या खाचेत चपखल बसावा. पहिल्या दिवशी सर्वांचेच तुकडे मध्ये फुगीर होतात, कारण कानस हातात झुलते. येथे पर्सेंटाइल उपयोगी पडत नाही. ज्याचे वडील लेथवर काम करतात, किंवा ज्याने शेतावर पंप उघडून पाहिला आहे, तो मुलगा येथे पुढे जातो. सीईटीत वरचा नंबर मिळविणारा त्याच्याकडे जाऊन ‘कानस कशी धरायची?’ असे विचारतो का, हे आम्ही दरवर्षी लक्ष देऊन पाहतो. जो विचारतो, त्याची आम्हांस पुढे चिंता वाटत नाही.

तिसरा फरक भाषेचा, आणि आपल्या गावासारख्या ठिकाणी तो फार मोठा आहे. बल, आघूर्ण, त्वरण हे शब्द ज्याने शाळेत पक्के केले, त्याला एकाएकी फोर्स, मोमेंट, अॅक्सिलरेशन यांच्या गर्दीत उभे केले जाते. कल्पना त्याला ठाऊक असते, पण तिची ओळख पटत नाही. ओळखीचा माणूस वेगळ्या पोशाखात समोर आल्यासारखे होते. 2021 साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकविण्यास वाट मोकळी करून दिली, हे चांगलेच झाले. तथापि बहुसंख्य वर्ग अद्यापि इंग्रजीतूनच चालतात. अशा मुलाला आमचे सांगणे एवढेच, की दोन महिने एक लहान वही खिशात ठेव. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजवीकडे आपल्या भाषेत त्याचा अर्थ, आणि शक्य तर एक चित्र. दोनशे शब्दांच्या आसपास ही अडचण पुष्कळशी ओसरते. आणि प्रश्न मराठीत विचारावयास लाजू नये. शिडी मराठीतही सरकते.

चौथा फरक राहणीचा. एके काळी शिकण्यासाठी शहरात आलेला मुलगा वार लावून जेवत असे. आज तो मेसचा डबा खातो आणि कॉट-बेसिसवर राहतो. हाल कमी झाले, पण उठविणारे कोणी उरले नाही. सकाळी आठाच्या तासाला जाण्यासाठी साताला उठावयाचे, कपडे धुवावयाचे, पैसे महिनाअखेरपर्यंत पुरवावयाचे, आणि रात्री दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या खोलीत झोपावयाचे, हे सारे एकाच वेळी शिकावे लागते. वरच्या वर्गांतील मुलांच्या छळाची भीती काही घरांत अजून असते. त्यांच्या माहितीसाठी सांगतो, की आपल्या राज्यात रॅगिंगविरुद्ध 1999 पासून स्वतंत्र कायदा आहे. तसा प्रकार झाल्यास तो सोसावयाचा नसतो, लेखी कळवावयाचा असतो.

मान, रीत, भाषा आणि राहणी, हे चारही एकदम बदलतात. यांतील एकेक बदल सोसण्याजोगा आहे. त्यांवर बोलले म्हणजे ते सुटतातही. अडचण अशी की चारही बदल मुलाला एकाच दिशेने ढकलतात. ते त्याला गप्प करतात. मान गेला म्हणून तो विचारीत नाही. भाषा अडते म्हणून विचारीत नाही. खोलीवर कोणी आपले नसते म्हणून बोलत नाही. आणि घरी तर मुळीच बोलत नाही, कारण घरच्यांनी पेढे वाटलेले असतात.

या मौनाला आम्हीही हातभार लावला आहे, ते येथे सांगितले पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मोमेंट शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मला समजलं नाही.” तास संपत आला होता, अभ्यासक्रम मागे पडला होता. आम्ही म्हणालो, “मग अकरावीत काय केलंत?” वर्ग हसला. आम्हीही थोडे हसलो. तो मुलगा खाली बसला. त्यानंतर वर्षभर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. हळूहळू तो तासांना दिसेनासा झाला, आणि वर्षअखेरीस कळले की तो कॉलेज सोडून गावी गेला. त्याच्या जाण्याला आणखी कारणे असतील. परंतु दोन-अडीचशे मुलांत एकट्या त्याने खरे बोलण्याचे धैर्य दाखविले होते, आणि त्या धैर्याचे आम्ही हसे केले. त्याला पुन्हा भेटून क्षमा मागण्याचा योग आला नाही. निदान पुढच्या मुलांना ते वाक्य बोलता यावे, म्हणून त्यानंतर आम्ही एक नियम पाळला. तासाच्या शेवटी प्रत्येकाने चिठ्ठीवर, नाव न घालता, आज काय समजले नाही ते लिहावयाचे. पहिल्या दिवशी साठ चिठ्ठ्या आल्या. त्यांतील चाळीसांवर एकच शंका होती, आणि ती त्या मुलाचीच शंका होती!

‘एकट्याने नेटाने अभ्यास केला की सगळे जमते’ असे आपण मुलांना सांगतो. हे कितपत खरे आहे? अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कले येथे 1970 नंतरच्या दशकात युरी ट्राइसमन नावाच्या तरुण गणितज्ञाने याचा छडा लावला. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने अडखळत होते, आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले यश मिळवीत होते. प्राध्यापकांची मते ठरलेली होती. कोणी म्हणे तयारी कमी, कोणी म्हणे जिद्द कमी, कोणी म्हणे घरचा पाठिंबा नाही. ट्राइसमनने दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि ते कसे राहतात, कसा अभ्यास करतात, हे त्यांच्यात मिसळून पाहिले. प्राध्यापकांचे सारे तर्क चुकीचे निघाले. ही मुले आपापल्या शाळांतील नामांकित मुले होती, कष्टाळू होती, घरच्यांचा त्यांना पाठिंबा होता. परंतु अभ्यास ती एकटीने करीत. उत्तर चुकले तर दोष आपल्या बुद्धीचा की पुस्तकातील छपाईचा, हेही त्यांना ताडून पाहता येत नसे. उलट चिनी विद्यार्थी प्रथम एकटे बसून गणिते सोडवीत, आणि संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांच्या वह्या तपासत. जे गणित कोणालाच आले नाही ते कठीण आहे, हे त्यांना तेथेच कळे. मग त्याची लाज वाटण्याचे कारण उरत नसे.

यावरून ट्राइसमनने अभ्यासमंडळे काढली. त्यांत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही मंडळे ‘कच्च्या’ मुलांसाठी म्हणून काढली नाहीत. तेथे सोपी उजळणी नव्हती. उलट अधिक कठीण गणिते सर्वांनी मिळून सोडवावयाची होती. तेथे जाण्यात कमीपणा नव्हता. या मंडळांतील मुलांच्या निकालात ठळक सुधारणा झाली, आणि ही पद्धत पुढे इतर अनेक विद्यापीठांनी उचलली.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. मद्रासजवळील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात 1940 च्या सुमारास ए. ललिता नावाची मुलगी दाखल झाली. पंधराव्या वर्षी तिचे लग्न झाले होते, आणि अठराव्या वर्षी, मुलगी चार महिन्यांची असताना, तिला वैधव्य आले होते. वडील सुब्बाराव त्याच कॉलेजात विद्युत शाखेचे प्राध्यापक होते. शेकडो मुलग्यांत ती एकटी मुलगी. अभ्यास तिला जड नव्हता. वसतिगृहातील एकटेपणा मात्र जड जाऊ लागला. येथे तिच्या वडिलांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. ‘धीर धर, सवय होईल’ असा उपदेश करून ते थांबले नाहीत. आमच्या कॉलेजात मुलींनाही प्रवेश मिळतो, अशी जाहिरात त्यांनी वर्तमानपत्रांतून दिली. लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या आणखी दोन मुली आल्या. ललितेने 1943 मध्ये पदवी घेतली. प्रमाणपत्रावर विद्यार्थ्यासाठी पुल्लिंगी सर्वनाम आधीच छापलेले होते. ते खोडून त्या जागी स्त्रीलिंगी सर्वनाम घालावे लागले. आपल्या देशातील पहिल्या स्त्री-इंजिनिअरांत आज तिची गणना होते. कर्तृत्व तिचे होते, यात शंका नाही. परंतु ‘मला एकटे वाटते’ हे ती घरी बोलू शकली, आणि घरच्याने ते ऐकून घेऊन काही हालचाल केली, हेही तितकेच खरे आहे.

आता व्यवहाराचे चार शब्द. मुलांना आम्ही तीन गोष्टी सांगतो. पहिली, पुस्तक मिटून अभ्यास करावा. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांवर प्रयोग केला. एका तुकडीने उतारा पुनःपुन्हा वाचला, दुसरीने एकदा वाचून मग तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना समजल्यासारखे वाटते, आठवताना खरे काय ते कळते. आज तर प्रश्न टाकला की क्षणार्धात सोडवून देणारी यंत्रे मुलांच्या खिशात आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा, पण आपली शिडी आपण प्रथम काढून पाहिल्यावर. नाहीतर उत्तर वहीत येते आणि न समजणे डोक्यात तसेच राहते.

दुसरी, चौघांचे एक मंडळ जमवावे. आठवड्यातून दोनदा, मेसच्या जेवणानंतर तासभर. त्यात एक जण आपल्यापेक्षा पुढचा असावा आणि एकाला आपण शिकवू शकू असा असावा. दुसऱ्याला समजावून सांगताना आपलीच समजूत पक्की होते, हा आम्हां सर्व शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे.

तिसरी, न समजलेली गोष्ट आठवडा उलटू देऊ नये. मेकॅनिक्समध्ये शिडी सुटली की पुढे कैची सुटते, आणि कैची सुटली की पूल सुटतो. शिक्षकाच्या खोलीचे दार ठोठवावे. एखादा शिक्षक आम्ही वागलो तसा वागेल. मग दुसऱ्याचे ठोठवावे.

हे सर्व करूनही कोणी नापास होतो. पहिल्या वर्षी एखादा विषय राहणे ही फार सामान्य गोष्ट आहे, आणि विद्यापीठांनीही ते गृहीत धरले आहे. मुले ज्याला ‘ए.टी.के.टी.’ म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ, ‘पुढील सत्रे भरण्यास मुभा’. नियम विद्यापीठागणिक वेगळे असतील, पण आशय हाच की दार बंद झालेले नाही. ते दार घरीच बंद होते, हा आमचा अनुभव आहे.

एका वर्षी जूनमध्ये एक गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. तालुक्याच्या गावचे शेतकरी, हातात गुळाच्या ढेपेची पिशवी. म्हणाले, “सर, पोरगं दुसऱ्या वर्षाला गेलं, म्हणून आलो. फी भरून जातो.” आम्ही यादी पाहिली. मुलाचे पाच विषय राहिले होते. तो दुसऱ्या वर्षाला गेलेलाच नव्हता. दोन्ही निकाल त्याने घरी खोटे सांगितले होते. आम्ही त्या गृहस्थांना बसविले आणि खरे काय ते सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी दर रविवारी फोनवर विचारायचो, पहिला आलास ना? तो म्हणायचा, हो आबा.” पुढे म्हणाले, “मी त्याला दुसरं काही बोलायला जागाच ठेवली नाही.” मुलाला बोलावून घेतले. तो खाली मान घालून उभा राहिला. वडिलांनी त्याला एवढेच विचारले, “कुठला विषय सगळ्यांत अवघड जातोय?” वर्षभरात घरून आलेला हा पहिला खरा प्रश्न होता. मुलगा रडला, आणि मग बोलू लागला. त्याचे एक वर्ष गेले. पण पुढच्या वर्षी तो आमच्या दारात वारंवार दिसू लागला, आणि दोन खेपांत सारे विषय सोडवून पुढे गेला.

बंधुभगिनींनो, म्हणून आमची आपणांस एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी घराबाहेर पडल्यावर रविवारच्या फोनवर ‘किती गुण पडले?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवा. ‘या आठवड्यात काय समजलं नाही?’ हे प्रथम विचारा. आपल्याला मेकॅनिक्स येत नसले तरी चालेल. उत्तर नीट ऐकून घेतले तरी पुरे. ‘मला समजले नाही’ हे वाक्य ज्या मुलाला घरी निर्भयपणे बोलता येते, त्याला ते वर्गातही बोलता येते. मूल फार गप्प झाले, जेवणे-झोपणे बिघडले, तर मात्र केवळ वाट पाहू नये. कॉलेजातील समुपदेशकाला गाठावे. 2022 मध्ये सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, ‘आमच्या वेळी हे लाड नव्हते. आम्ही अर्धपोटी राहून शिकलो आणि इंजिनिअर झालो.’ त्यांच्या कष्टांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु जे तरले तेच आज ही हकीकत सांगावयास आहेत. त्याच वर्गातून जे मध्येच गावी परतले, त्यांना व्याख्यानाला कोणी बोलावीत नाही. आमच्या त्या मागच्या बाकावरच्या मुलाला कोणी बोलावले आहे? शिवाय आम्ही अभ्यास सोपा करा असे म्हणत नाही. पूल पडता कामा नये. पहिल्या वर्षाचे गणित कठीणच राहिले पाहिजे. आम्ही म्हणतो ते एवढेच, की न समजणे लपवावे लागू नये. ज्या इंजिनिअरला विशीत ‘मला समजले नाही’ म्हणावयाची सवय लागली, तो चाळिशीत एखाद्या नकाशावर सही करण्यापूर्वी थांबून पुन्हा विचारील. ज्याला ती सवय लागली नाही, तो सही करून मोकळा होईल.

आणि एखाद्याला प्रामाणिक प्रयत्नानंतर असे आढळेल, की हे शास्त्र आपले नव्हे. त्यालाही ते घरी बोलता यावे. वर्ष गेले म्हणून आयुष्य जात नाही.

येत्या पावसाळ्यात आपल्या घरांतून बॅगा बाहेर पडतील. चादर, चिवड्याचा डबा, ड्रॉइंगची पेटी हे सारे भरा. आणि निघताना पाया पडणाऱ्या मुलाला ‘नाव काढ’ असा आशीर्वाद तर आपण देतोच. त्याच्या जोडीला ‘अडलं तर सांग’ हेही म्हणा.

ज्यांस आमच्या बोलण्यातील काही समजले नसेल, त्यांनी अवश्य विचारावे. आज कोणी हसणार नाही.